नकाशावर रेघ मारायच्या आधी

सोलापुरात चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी एक धड सलग वाट असावी, हे मी हल्ली भेटेल त्याला सांगत असते, आणि आमच्या भागातले काही जण मिळून त्याचा एक प्रस्ताव तयार करतोय, महापालिकेला नेऊन द्यायला. आम्ही कुणी इंजिनियर नाही, आमची संस्था वगैरे काही नाही, सकाळी फिरायला जाणारी आणि पोरांना सायकलवर क्लासला पाठवताना जिवाला घोर लागणारी साधी माणसं आहोत. कल्पना अशी की विजापूर रोडच्या धर्मवीर संभाजी तलावापासून, म्हणजे जुन्या लोकांच्या कंबर तलावापासून निघायचं, सात रस्ता चौकाकडून वर यायचं आणि भुईकोट किल्ल्याच्या बाजूने सिद्धेश्वर तलावाला पोचायचं. दोन तलाव, मध्ये अर्धं शहर, चालत गेलं तर तासाभराच्या आतलं अंतर. ऐकणाऱ्याला लगेच आवडतं. फार छान मॅडम, व्हायलाच पाहिजे, असं म्हणून माणूस पुढे जातो.

आणि तिथेच मला थांबावंसं वाटलं, कारण "छान आहे" म्हणणाऱ्या माणसाकडून आपल्याला काहीच कळत नाही. वाट हवी का असं विचारलं की सगळे हो म्हणतात, कोण नाही म्हणेल? त्या हो मधून रुंदी कळत नाही, दिवे कुठे पाहिजेत ते कळत नाही, रोज सकाळी सहा वाजता त्या रस्त्यावर खरं कोण असतं तेही कळत नाही.

आपल्याकडे लोकांना विचारायची एक ठरलेली पद्धत आहे, हरकती आणि सूचना. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यातच ती आहे, प्रारूप विकास आराखडा जाहीर होतो, पेपरात नोटीस येते, मुदतीत लेखी द्यायचं, मग सुनावणी. ही तरतूद मोलाची आहे, ती नसती तर कित्येकांच्या जागा गपचूप गेल्या असत्या. पण तोपर्यंत रेघ मारून झालेली असते ना. मग माणूस येतो तो आपली भिंत, आपलं दुकान, आपली पार्किंगची जागा वाचवायलाच येतो, त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही, त्याच्या हातात दुसरं काही ठेवलेलंच नसतं. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं, त्याआधी प्रस्ताव बनताना लोकांकडून सूचना मागवल्या होत्या आणि नागरिकांचा सहभाग किती यालाही स्पर्धेत मार्क होते. तेव्हा फॉर्म भरताना फार बरं वाटलं होतं. म्हणून आम्ही ठरवलं की ही वाट कागदावर यायच्या आधीच विचारायचं, आणि जो माणूस आत्ता, आज, त्या रस्त्यावरून चालतोय किंवा पायडल मारतोय त्यालाच आधी विचारायचं.

सुरुवात सभेने केली. रविवार सकाळ, सभागृह, चहा. आले ते लोक चांगले होते, रिटायर्ड मास्तर, दोन डॉक्टर, बँकेतले, गिअरच्या सायकली घेऊन लांब लांब जाणारी पोरं, रोज तलावावर फिरणाऱ्या बायका. त्यांनी सांगितलेलं सगळं लिहून घेतलंय. गुडघे दुखणाऱ्यांना पेव्हर ब्लॉक नको, डांबर किंवा माती बरी. सायकलवाल्या पोरांना मध्ये मध्ये चढउतार नकोत. संध्याकाळी अंधार पडला की तलावाकाठी बायकांनी थांबू नये अशी परिस्थिती असते, हे एका बाईंनी उभं राहून स्पष्ट सांगितलं आणि सगळं सभागृह शांत झालं. या सगळ्याला किंमत आहे. पण त्या हॉलमध्ये कामावर सायकलने जाणारा एकही माणूस नव्हता, आणि सोलापुरात सायकल अजून ज्यांच्यामुळे जिवंत आहे ते हेच लोक, पूर्व भागातले यंत्रमाग कामगार, बांधकामावरचे, दूधवाले, पेपर टाकणारी पोरं. रविवारी सकाळी ते कुठून येणार, रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला असतो.

सभेची वेळ ठरवताना बाहेरच्या माणसाला न सुचणारी अजून एक गोष्ट आहे, पाणी. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, चार-चार पाच-पाच दिवसांनी येतं, आणि ज्या भागात ज्या दिवशी पाणी त्या दिवशी त्या भागातली बाई घराबाहेर पडत नाही म्हणजे नाही, मग मुख्यमंत्री का येईनात. बॅरल, कळशा, घागरी, टाकी, सगळं भरून झाल्याशिवाय तिला दुसरं काही दिसत नाही. त्यामुळे आता आम्ही कुठल्याही भागात जायच्या आधी पहिला प्रश्न हाच विचारतो, तुमच्याकडे पाणी कधी? तो दिवस सोडायचा. इतकी साधी गोष्ट, पण एवढ्यानेच बायका यायला लागल्या.

मग भाषा. पूर्व भागात घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोट रोडकडे आणि हैदराबाद रोडकडे कन्नड कानावर पडते, आणि दखनी उर्दू तर शहरभर. मराठी सगळ्यांना समजते हे खरं, बाजारात, दवाखान्यात सगळे मराठी बोलतात, पण भीती कशाची वाटते, पोरगी उशिरा आली की काय होतं, हे माणूस आपल्या घरच्या भाषेत जास्त मोकळं सांगतो. कॉलेजच्या दोन मुली सोबत आल्या, एकीची तेलुगू, एकीची कन्नड, आणि आमचे कागद बाजूला राहिले, त्या दोघीच बोलत बसल्या आणि आम्ही लिहीत गेलो. मोबाईलवरचा फॉर्म ठेवलाय आम्ही, तरुण पोरं भरतात, पण फॉर्ममध्ये एका ओळीचं उत्तर येतं आणि ओट्यावर बसलं की अर्ध्या तासाचं.

प्रश्न पण बदलले. वाट कशी असावी हे आम्ही आता विचारतच नाही. काल कुठून निघालात, कुठे गेलात, मध्ये कुठे उतरून सायकल हातात धरून नेली, कुठे रस्ता ओलांडायला थांबलात, परत येताना वेगळ्या रस्त्याने आलात का आणि का आलात, असं विचारतो. कालचा दिवस सगळ्यांना आठवतो, त्यात माणूस उगाच चांगलं दिसायला काही सांगत नाही. नकाशा पण आधी पुढे करत नाही, वरून बघितलेलं शहर बऱ्याच जणांना ओळखता येत नाही आणि मग ते संकोचून गप्प बसतात. त्यापेक्षा खुणा सांगायला सांगायच्या. मारुतीचं देऊळ, मग दर्गा, मग पिठाची गिरणी, मग तो पिंपळ जिथं रिक्षा थांबतात. नकाशावर त्या खुणा आम्ही नंतर घरी बसून टाकतो आणि पुढच्या खेपेला दाखवतो, हे बघा अक्का, हा तुमचा रस्ता. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघण्यासारखा असतो, कारण आपण रोज चालतो ती गोष्ट कुणीतरी कागदावर घेतली.

विडी कामगार बायकांकडून जे कळलं ते कुठल्याच सभेत कळलं नसतं. या बायका घरी विड्या वळतात आणि मग त्या घेऊन कारखान्यात जातात, जमा करायच्या, मोजून द्यायच्या, आणि पान-तंबाखू घेऊन परत यायचं. हातात पिशवी किंवा डोक्यावर टोपली, बहुतेक वेळा पायी, कारण हजार विड्यांवर जी मजुरी मिळते त्यातून रोज रिक्षा परवडत नाही. येण्याजाण्याच्या रस्त्यात बसायला जागा कुठेच नाही, मुतारी कुठेच नाही, सावली कुठेच नाही. एक वयस्कर अक्का म्हणाल्या, "तुमी वाट करा नायतर नका करू, निदान दोन ठिकाणी बसायला कट्टा करा, टोपली ठेवता येईल एवढा उंच." टोपली ठेवता येईल एवढा उंच. बसायचा कट्टा वेगळा आणि डोक्यावरचं ओझं एकटीने उतरवून टेकवायचा कट्टा वेगळा, तो छातीएवढा उंच लागतो, नाहीतर खाली ठेवलेलं परत डोक्यावर घ्यायला दुसरं माणूस शोधावं लागतं. पूर्वी वाटेवर ओझं टेकवायला दगडी कट्टे असायचे असं माझी आजी सांगायची. आज कुठल्या ट्रॅकच्या डिझाईनमध्ये हे असेल? आम्ही लिहिलंय प्रस्तावात, सगळ्यात वर लिहिलंय.

मागावरचे कामगार वेगळं बोलतात, कमी बोलतात. बारा बारा तास उभं राहून आलेला माणूस, त्याला अडवून प्रश्न विचारायला जीव होत नाही, म्हणून आम्ही चहाच्या टपरीवर थांबायला लागलो, तो स्वतः थांबतो तिथं. त्याला बागेसारखी वळणं नकोत, सरळ आणि जवळचा रस्ता पाहिजे, आणि सायकल लावली तर परत आल्यावर ती तिथंच मिळाली पाहिजे. एक जण म्हणाला, "ताई, ट्रॅक करा, पण त्याच्यावर फोरव्हीलर लावली तर उचलणार कोण ते आधी सांगा." बरोबर आहे त्याचं. पुण्यात २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर झाला, त्याच्या आधीपासून तिथं ट्रॅक आहेत, आणि त्यावर लावलेल्या गाड्या पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाने बघितल्यात. बांधकामाला पैसे एकदा लागतात, लक्ष रोज लागतं, आणि ते लक्ष कोण ठेवणार हे बांधायच्या आधी ठरलं पाहिजे, कुठल्या कोपऱ्यावर कुठला दुकानदार, कुठला वॉर्ड, तक्रार कुणाकडे.

या सगळ्यात ज्याच्याकडून सगळ्यात जास्त शिकायला मिळालं तो पंक्चरवाला. अगदी मनापासून सांगते, तुमच्या भागात सायकलचं काही करायचं असेल तर आधी पंक्चरवाल्याकडे जाऊन बसा. त्याला माहिती असतं कोण कुठून येतं, कुठल्या वेळी येतं, कुणाची सायकल कशानं बसते. त्यांनी सांगितलं की तलावाकडच्या कच्च्या वाटेने येणाऱ्या सायकलींत काटा असतो, वेड्या बाभळीचा, आणि काच असते, रात्री बसून प्यायलेल्यांनी फोडलेली. हा काटा टायर ट्यूब दोन्ही पार करून जातो, आणि पंक्चरचे पैसे त्या दिवशीच्या भाजीतून जातात. म्हणजे ट्रॅक गुळगुळीत करून भागत नाही, कडेची वेडी बाभूळ मुळासकट काढावी लागते कारण ती तोडली की दुप्पट जोमाने फुटते, आणि झाडलोट रोजची लागते. हे एका ओळीत लिहिलं तर "देखभाल" असा शब्द होतो आणि कुणी वाचत नाही. म्हणून आम्ही त्यांच्याच शब्दांत लिहिलंय.

रुंदीचं भांडण कसं सोडवलं ते सांगते. कागदावर रुंदी लिहून काही उपयोग होत नाही, १.८ मीटर म्हटलं तर माणूस नुसती मान हलवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी सुविधांच्या नियमावलीत फूटपाथला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी पाहिजे असं आहे, मोकळी म्हणजे मध्ये खांब नको, डीपी नको, गाडा नको. आम्ही कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी फक्की आणली आणि गल्लीत जमिनीवर तेवढ्या दोन रेघा मारल्या, आणि सांगितलं चाला. दोन बायका पिशव्या घेऊन आणि मध्ये एक पोरगं, बरोबर बसले. मग एका पोराला सांगितलं सायकल घेऊन मागून ये, घंटी न वाजवता. तिघंही दचकून रेघेच्या बाहेर गेले. बस, चर्चा संपली, एकाच पट्ट्यात चालणारे आणि सायकल घालायची नाही हे तिथंच सगळ्यांना पटलं, कुणाला समजवावं लागलं नाही. मग सायकलसाठी वेगळ्या रेघा मारल्या, त्यात समोरासमोर दोन सायकली, एकीच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन. तेव्हा कळलं की दूधवाल्याची सायकल ही दोन सायकलींएवढी जागा घेते. पोरांना हा खेळच वाटला, ते फक्कीने माखून घरी गेले, त्यांच्या आयांनी मला काय काय ऐकवलं असेल.

मोटारसायकली आत घुसू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खांब लावा, हे तर प्रत्येकाने सांगितलं, अगदी प्रत्येकाने. आणि ऐकायला किती सोपं वाटतं. पण व्हीलचेअर जायला ९० सेंटीमीटर तरी मोकळी जागा लागते, आणि साध्या मोटारसायकलचं हँडल पाऊण मीटरच्या आसपास असतं. म्हणजे व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की मोटारसायकल आरामात जाते, आणि मोटारसायकल अडेल एवढी फट ठेवली की व्हीलचेअर, बाळाची गाडी, भाजीचा गाडा, तीनचाकी सायकल सगळं बाहेर. काही ठिकाणी बागांना ते वेडंवाकडं गोल फिरायचं गेट असतं, तिथं आमच्या ओळखीचे एक काका तीनचाकी सायकलवर येऊन बाहेरूनच बाग बघून परत जातात. त्यांना आम्ही मुद्दाम विचारायला गेलो. ते म्हणाले, "मला आत घ्यायचं म्हणून तुमी फटफटीला आत घेताय असं लोक म्हणतील, तर तसं नको, पण मला बाहेर ठेवून वाट करू नका." आम्ही यावर बराच वेळ बोललो. खांब लावून हा प्रश्न सुटत नाही, मापच तसं आहे, हे आधी मान्य करायला लागतं. तोंडाशी माणसांची वर्दळ ठेवली, चहाची टपरी, फळवाला, पंक्चरवाला असे लोक बसवले, तर मोटारसायकलवाल्याला गाडी आत घालताना दहा डोळे बघतात, आणि आपल्याकडे त्या डोळ्यांचा धाक खांबापेक्षा जास्त असतो. म्हणून प्रस्तावात आम्ही टपऱ्या हटवा असं लिहिलेलं नाही, टपऱ्यांना नीट जागा आखून द्या असं लिहिलंय. सभेतल्या काहींना हे पटलेलं नाही, त्यांना वाट मोकळी आणि स्वच्छ पाहिजे. मला त्यांचंही समजतं, पण संध्याकाळी सातनंतर मोकळी आणि स्वच्छ वाट बाईमाणसाला रिकामी वाटते, आणि रिकाम्या वाटेवर ती जात नाही. कुत्र्यांची भीती पण याच वेळची, आणि ती सगळ्यांनी सांगितली, पुरुषांनी सुद्धा.

सिद्धेश्वर तलावाकडचा भाग आला की सोलापूरकराला वेगळं काही सांगावं लागत नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून हा तलाव खोदून घेतला असं आपली परंपरा सांगते, शहराभोवतीच्या ६८ लिंगांची स्थापनाही त्यांचीच. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, या ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, भरतो. श्रावणात लोक ६८ लिंगांचं दर्शन करत फिरतात, कित्येक जण अनवाणी. कोजागरीला तर रात्रभर तुळजापूरचा रस्ता माणसांनी भरलेला असतो, साधारण ४५ किलोमीटर, म्हातारी माणसं, लहान पोरं, सगळे पायी. या शहराला चालायला कुणी शिकवायची गरज नाही. मला हे फार वाटतं, की आपण पायवाटेबद्दल बोलतो तेव्हा ती काहीतरी परदेशातून आणलेली गोष्ट असल्यासारखं बोलतो.

नंदीध्वज पेलणाऱ्यांपैकी एका अण्णांना आम्ही विचारायला गेलो, त्यांच्या घरात ही सेवा पिढ्यानपिढ्या आहे. त्यांनी वाटेचं चित्र शांतपणे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, ही कमान कुठं आहे? आमच्यातल्या एका हौशी पोराने तलावापाशी छान स्वागत कमान काढली होती. अण्णा म्हणाले, ध्वज केवढा उंच असतो, मिरवणुकीच्या रस्त्यावर आम्ही तारा सुद्धा ठेवू देत नाही, कमान कशी चालेल? मग म्हणाले, वळणावर उंच कडा करू नका, ध्वज कमरेला पेललेल्या माणसाची नजर वर असते, पायाखाली नसते. आणि काळा डांबरी तुकडा नको, अनवाणी चालणाऱ्याचे पाय भाजतात. तीन गोष्टी, पाच मिनिटांत. कमान त्याच दिवशी गेली. सल्लागार कंपनी आणून लाखो रुपये दिले असते तरी यातली एक सुद्धा गोष्ट कळली नसती, आणि जानेवारीत पहिल्याच गड्ड्याला कमान पाडायची वेळ आली असती.

सावलीचं तर काय सांगू. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर चढतो, कधी त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, अशा शहरात झाडाशिवाय ट्रॅक म्हणजे सकाळी नऊनंतर बंद पडलेला ट्रॅक. सगळ्या भागांत, सगळ्या भाषांत, सगळ्या वयांत जर एकच मागणी सारखी आली असेल तर ती सावलीची. यावर शाळेतल्या मुलांनी चांगलं सुचवलं, की झाडं आधी लावा, ट्रॅक नंतर करा. खरं आहे, कडुलिंब, करंज, चिंच सावली देण्याएवढं व्हायला काही वर्षं जातात, तोवर टँकरने पाणी घालावं लागतं, आणि आधी फरशी बसवून मग झाडाला खड्डा मारायचा म्हणजे तेच काम दोनदा. म्हणून क्रम आम्ही बदलला, पहिल्या पावसात झाडं, मग दिवे, फरशीचं नंतर बघू. उन्हाळ्यात लोक रात्री दहापर्यंत बाहेर फिरतात, तेव्हा दिवा लागेल तर निम्मी वाट झाली असं समजा.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, जिच्यावर आमच्यात अजून एकमत नाही. खुणा टाकून टाकून जो नकाशा तयार झाला त्यात दोन तलावांमधली रेघ बारीक आहे. जाड रेघ भलतीकडेच आहे, पूर्वेला. अशोक चौक, कन्ना चौक, विडी घरकुल, अक्कलकोट रोड एमआयडीसी, आणि पुढे कुंभारी. कुंभारीला रे नगर झालंय, असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची वसाहत, त्यातल्या पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या. घर मिळालं, ही फार मोठी गोष्ट आहे, आयुष्यभर भाड्याच्या खोलीत काढलेल्या बाईला स्वतःचं दार मिळालं. पण काम शहरात, शाळा शहरात, दवाखाना शहरात, आणि मधला रस्ता ट्रकांचा. तिथून सायकलने येणारा माणूस रोज काय धरून येतो ते त्यालाच माहीत. तलावांची वाट फिरायला आहे, ही वाट पोटासाठी आहे.

आमच्यातले काही म्हणतात आधी तलावांचं करून घेऊ, ते सोपं आहे, लवकर मंजूर होईल, लोकांना दिसेल, मग दुसरं मागता येईल. यात तथ्य आहे, एकदा काहीतरी उभं राहिलं की पुढचं मागायला तोंड राहतं. पण माझं मत वेगळं आहे आणि मी ते सभेतही सांगितलंय. पैसा थोडाच असणार आहे, तर तो आधी तिथं जावा जिथं माणूस आज जीव मुठीत धरून सायकल चालवतोय. किमान पूर्वेकडून सिद्धेश्वर तलावापर्यंतचा एक फाटा पहिल्या टप्प्यातच पाहिजे. लोकांनी एवढं सांगितल्यावर, ओट्यावर बसवून चहा पाजल्यावर, आम्ही परत आमचीच पहिली रेघ घेऊन गेलो तर आम्ही त्यांना विचारलं कशाला?

म्हणून ज्यांना विचारलं त्यांच्याकडे परत जाणं आम्ही सुरू केलंय. टपरीवर, पंक्चरच्या दुकानात, रेशन दुकानाबाहेर एक एक पुठ्ठा लावलाय, मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये आणि उर्दूत, की तुम्ही हे सांगितलंत, हे आम्ही घेतलं, हे घेतलं नाही आणि का घेतलं नाही. उदाहरणार्थ मुतारी दर चौकात पाहिजे असं सांगितलं होतं, तिथं आम्ही जागा दाखवू शकलो ती दोनच ठिकाणी, तर तसं लिहिलंय, कुठल्या दोन तेही लिहिलंय. लोक वाचतात, आणि भांडतात, तिसरी जागा दाखवतात. एका ठिकाणी पुठ्ठ्यावरच कुणीतरी पेनाने बाण काढून लिहिलं, इथं नळ आहे, इथं करा. जाऊन बघितलं तर खरंच होता.

पुढचं काम रे नगरचं. तिथं पाण्याचा दिवस सोडून एका संध्याकाळी जायचंय, बायका कामावरून परतल्यावर, आणि सकाळी निघायच्या वेळी पुन्हा एकदा, रस्त्याच्या तोंडाशी उभं राहून कोण पायी, कोण सायकलवर, कोण रिक्षाच्या मागे लोंबकळत जातं हे वहीत टिपायचंय. फक्कीची गोणी आहे, दोरी आहे, वह्या आहेत. तेलुगू बोलणाऱ्या अजून दोन-तीन जणी पाहिजेत, आणि ज्याला मोटारसायकलवर पुठ्ठे घेऊन जाता येतील असा एक जण. गड्ड्याच्या आधी हे उरकायचं, कारण गड्डा लागला की सोलापुरात दुसऱ्या कशाला कुणाला वेळ नसतो, आणि प्रस्ताव बजेटच्या आधी पोचला पाहिजे.